हरीण हाकेला का येतं?

संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्यावर उभं राहिलं तर कानाला विसावा असा मिळतच नाही. रिक्षांचे हॉर्न, बसची घरघर, विजापूर रोडकडं आणि होटगी रोडकडं वळणाऱ्या मोटारसायकली, भाजीवाल्यांची ओरड. एवढ्या गदारोळात कुठंतरी एखादं तान्हं कळवळून रडलं की आसपासच्या बायकांच्या माना तिकडं वळतात. आपलं मूल घरी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी मान वळायची ती वळतेच. शिकाऱ्यानं तोंडानं काढलेल्या आवाजाला हरीण का फसतं, याचं निम्मं उत्तर या वळलेल्या मानेत आहे.

शिकारीत माणसानं आवाज दोन तऱ्हांनी वापरला. एक तऱ्हा आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, ती म्हणजे हाका. डबे, ढोल वाजवत, आरोळ्या ठोकत हाकारे रान उठवायचे आणि भेदरलेलं जनावर बंदुकीच्या किंवा जाळ्याच्या दिशेनं पळायचं. संस्थानी शिकारी अशाच व्हायच्या. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेला शेतकरी आजही हाळी देतो, गोफण फिरवतो, तोही याच जातीचा आवाज. त्यात कसब थोडं आणि दांडगाई फार. दुसरी तऱ्हा उलटी आहे. तिथं माणूस एकटा, दबा धरून, गप्प बसतो आणि जनावराच्या बोलीत एकच साद घालतो. जनावर भिऊन पळत नाही, आपल्या पायांनी चालत येतं. माझ्या मते शिकारीच्या साऱ्या विद्यांमध्ये सगळ्यात अवघड आणि नैतिकदृष्ट्या सगळ्यात अस्वस्थ करणारी विद्या हीच.

अस्वस्थ करणारी अशासाठी, की या सादेचा पहिला प्रकार म्हणजे पाडसाचा आक्रोश. कोल्ह्यानं किंवा लांडग्यानं पाडस धरलं की ते एका विशिष्ट पट्टीत किंचाळतं आणि आई असेल तिथून धावून येते. शिकारी तेवढीच किंचाळी काढतो. सुझन लिंगल आणि टोबियास रीड या संशोधकांनी कॅनडाच्या गवताळ प्रदेशात यावर केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी रानात लाउडस्पीकर लपवून हरणांच्या माद्यांना निरनिराळ्या प्राण्यांच्या पिल्लांचं रडणं ऐकवलं. सील, मार्मोट, मांजर, वटवाघूळ आणि माणूससुद्धा. आवाजाचा मूळ स्वर पाडसाच्या पट्टीत बसणारा असला, की माद्या स्पीकरकडं येत होत्या. पट्टी सुटली, की ओढही ओसरत होती. म्हणजे माणसाच्या तान्ह्याचं रडणं कॅनडातल्या हरणीलाही खेचून आणतं. तिथली म्यूल जातीची हरणी तर कोयोट या लांडग्याच्या भाऊबंदाच्या तावडीतून दुसरीचं पाडस सोडवायलाही धावते. ते आपलं आहे का, आपल्या जातीचं तरी आहे का, याची चौकशी करण्यात वेळ गेला तर पाडस मेलं. म्हणून आधी धाव आणि मग ओळख, असा हा बंदोबस्त आहे. शिकाऱ्याची साद या दोहोंच्या मधल्या क्षणात घुसते.

दुसरी साद माजाच्या हंगामातली. इथं नराच्या ईर्ष्येला हात घातला जातो. स्कॉटलंडच्या रम बेटावर तांबड्या हरणांचा अभ्यास करताना टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह ॲल्बन यांनी १९७९ साली दाखवून दिलं, की दोन नर शिंगं भिडवण्याआधी डरकाळ्यांची जुगलबंदी करतात. एक डरकाळतो, दुसरा उत्तर देतो, वेग चढत जातो. ज्याची छाती आधी भरून येते तो बहुतेक वेळा न लढताच माघारी फिरतो. डरकाळी फोडायला मोठी ताकद लागते, त्यामुळं ती सहसा खोटी असू शकत नाही. पुढं २००१ साली टेकुमसे फिच आणि डेव्हिड रेबी यांना आणखी एक गोष्ट सापडली. डरकाळताना हा नर आपली स्वरपेटी गळ्यातून खाली, पार छातीच्या हाडापर्यंत ओढतो. आवाजाची नळी लांबते आणि स्वर भरदार होतो. ऐकणाऱ्याला अंगानं थोराड नर उभा आहे असं वाटतं. त्या डरकाळ्या नुसत्या कानावर पडत राहिल्या तरी माद्या लवकर माजावर येतात, हेही कॅरन मॅकोम्ब यांच्या १९८७ मधल्या संशोधनातून पुढं आलं. एवढं सगळं ज्या आवाजात भरलेलं आहे, तो आवाज हुबेहूब काढणारा माणूस समोर आला तर नर त्याच्या अंगावर चालून येणारच.

जर्मनीत डॉर्टमुंडच्या शिकार-प्रदर्शनात अशी डरकाळी काढण्याच्या स्पर्धा भरतात. कुणी बैलाचं शिंग फुंकतो, कुणी काचेची नळी, कुणी चक्क मोठा समुद्री शंख. परीक्षकांसमोर म्हातारा नर, तरणा नर, मादीला हाकणारा नर असे वेगवेगळे आवाज काढून दाखवावे लागतात. कॅनडातले मूळ रहिवासी भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मूस या अवाढव्य हरणाला बोलावत आले आहेत. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी दुकानात नळी मिळते. तिच्यात पेटीच्या सुरासारखी पातळ पट्टी बसवलेली असते, हलकं फुंकलं की नराचा घुरका निघतो. काही जण गळून पडलेली दोन शिंगं एकमेकांवर घासून खडखडाट करतात. दोघं भांडत आहेत असं वाटून तिसरा बघायला येतो.

या सगळ्यांत मला सगळ्यात देखणं साधन वाटतं ते झाडाचं पान. युरोपात रो नावाचं लहान हरीण आहे. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला ते माजावर येतं. जर्मन शिकारी त्या दिवसांत बीच झाडाचं कोवळं पान तोंडाशी धरून मादीचा बारीक, चिरका स्वर काढतात. आग्नेय आशियाच्या जंगलांत भेकराला बोलावायचीही रीत पानाचीच. पान दोन्ही अंगठ्यांमध्ये उभं ताणून धरायचं, पाठीमागं तळव्यांची पोकळी ठेवायची आणि कडेवर फुंकर मारायची. हवा कडेला लागली की पान थरथरतं. ताण वाढवला की स्वर चढतो, सैल सोडला की उतरतो. मागची तळव्यांची पोकळी तो स्वर घुमवते, पोकळी उघडली-मिटली की आवाजाला रडण्याची लय येते. आपल्याकडं पोरं गवताच्या पात्याची पिपाणी करतात तीच ही. स्वर काढणं कुणालाही दोन दिवसांत जमेल. खरं कसब पुढचं आहे, ते म्हणजे गप्प बसणं. खरी मादी एकदा-दोनदा साद घालते आणि थांबते. नवखा माणूस फुंकतच राहतो आणि तिथंच उघडा पडतो.

उतावळेपणानंतर दुसरा शत्रू वारा. हरीण सादेकडं सरळ नाकासमोर फार कमी वेळा येतं. दोन्ही कान वेगवेगळे फिरवून ते आवाजाची जागा हेरतं आणि मग वळसा घालून वाऱ्याखाली जातं, म्हणजे ज्या बाजूला आवाज करणाऱ्याचा वास वाहून येईल त्या बाजूला. कान फसले तरी नाक फसत नाही. माणसाच्या घामाचा एक भपकारा आला की सगळं नाटक संपतं. म्हणून सादेचा जाणता माणूस आधी चिमूटभर माती उडवून वारा बघतो, जागा नंतर धरतो.

आता आपल्या माळावर येऊ. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. सुरुवातीला त्याचं क्षेत्र कागदावर जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होतं, गावं-शहरं सगळी आत धरून. पुढं ते सुमारे १,२२० चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. ज्याच्या नावानं अभयारण्य झालं तो माळढोक पक्षी आता दिसणं दुरापास्त आहे. काळवीट मात्र आहेत. गावाकडं आपण त्यांना सरसकट हरणंच म्हणतो. प्राणिशास्त्राच्या हिशेबात चितळ-सांबर वेगळ्या कुळातले, त्यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळाची शिंगं जन्मभर तीच असतात.

माजावर आलेला काळवीट नर बघण्यासारखा असतो. माळावर एक जागा धरून तो तिथं लेंड्यांचा ढीग रचत जातो, रोज त्याच ठिकाणी. डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव काडीला पुसतो. मादी दिसली की मान मागं टाकतो, शिंगं पाठीला टेकतात, कान खाली पडतात, शेपूट वर वळते आणि पावलं नाचरी होतात. त्याच वेळी गळ्यातून घुर्रघुर्र असा दबका आवाज येतो. गुजरातेत वेळावदरला असे पुष्कळ नर एकाच मैदानात शेजारी शेजारी जागा धरून उभे राहतात आणि माद्या त्यांच्यातून निवड करत फिरतात. हा घुरका ऐकायला मात्र फार जवळ जावं लागतं. काळवीट हे मोकळ्या रानाचं जनावर, त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर. दाट जंगलात दिसत नाही म्हणून आवाज मोठा लागतो. माळावर अर्धा कोस दिसतं, तिथं डरकाळीची गरज काय? त्यामुळं नुसत्या आवाजानं काळविटाला बोलावणं कठीण. झुडपाआडून आवाज आला आणि हरीण दिसलं नाही, की त्याला संशय येतो.

इथंच या प्रदेशातल्या शिकाऱ्यांची अक्कल दिसते. त्यांनी आवाजाऐवजी सबंध जनावरच साद म्हणून वापरलं. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत याचं वर्णन आहे. शिकवून तयार केलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानात सोडत. रानातला नर आपल्या हद्दीत परका आला म्हणून त्याच्यावर चाल करून येई, शिंगं भिडत आणि जाळ्यात अडकून राहत. पारधी लोकही अशीच पाळलेली हरणं वापरत. गाय किंवा बैल शिकवून तयार करायचा आणि त्याच्या आडोशानं कळपाच्या जवळ सरकायचं, ही त्यांची आणखी एक युक्ती. चरणाऱ्या गुरांना काळवीट बुजत नाही, हे नेमकं हेरलेलं. ज्यांच्या हाती ही विद्या होती त्यांच्या पोटजातींची नावंच कामावरून पडली. फासे लावणारे ते फासेपारधी, गायीआडून जाणारे ते गायपारधी, चित्ता पकडून शिकवणारे ते चित्तेपारधी.

पण पारध्याच्या गळ्याचं खरं कौतुक पाखरांपाशी. तितर, लावा आणि मोर यांच्या सादा ते अशा घालतात की पाखरू उत्तर देतं. तितराचा नर आपल्या टापूत दुसऱ्याचा आवाज खपवून घेत नाही. पारधी आधी पाळलेल्या तितराचा पिंजरा ठेवून भोवती फासे मांडतो आणि स्वतः बाजूला दडून बसतो. पाळीव तितर बोललं नाही तर तो स्वतः बोलतो. एक बारकावा यात महत्त्वाचा आहे. सकाळची साद, संध्याकाळची साद, भ्यालेल्या पाखराची हाक आणि पिल्लं गोळा करणाऱ्या आईची हाक, या सगळ्या वेगवेगळ्या आहेत आणि चुकीची हाक चुकीच्या वेळी गेली तर रान तासभर मुकं होतं. कुठल्याही विद्यापीठात न शिकवलेलं हे प्राणिवर्तनाचं शास्त्र आहे. शास्त्रज्ञ ते स्पीकर लावून सिद्ध करत आले, पारध्यांच्या घरांत ते त्याआधी पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ होतं.

आणि या लोकांचं आपण काय केलं, हे सोलापूरकराला विसरता येणार नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. १९११ च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही जोरानं राबवला गेला. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबं तिथं कोंडली गेली, हजेरी लागू झाली आणि या माणसांना गिरण्यांत कामाला जुंपलं गेलं. सेटलमेंट हे वस्तीचं नाव शहरात आजही आहे. ज्याचा कान अर्ध्या मैलावरचा तितर ओळखायचा, त्याला भोंग्याच्या तालावर साच्यापुढं उभं केलं. मला हे त्या कायद्याचं सर्वांत क्रूर अंग वाटतं. माणसं कोंडलीच, शिवाय मुलांना रानात नेऊन शिकवण्याची वाटही बंद झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच्या अगदी उलट केलं. १९१८ साली त्यांनी अशा जमातींची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याचं काम दिलं. बाकी देशात हा कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला आणि त्याच्या मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आलेच. पोलिसांचा संशय अजून पारध्याच्या पालापाशीच आधी पोचतो.

त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता, यात मला तिळमात्र शंका नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फासात धरणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि नुसता प्रयत्नसुद्धा त्यात येतो. तेव्हा पानाची पिपाणी वाजवून हरीण बोलावण्याची हौस आपल्या देशात गुन्ह्यापर्यंत नेऊ शकते, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. परदेशातही याला मर्यादा आहेत. अमेरिकेत स्थलांतरित पाखरांच्या शिकारीला यंत्रावरचे ध्वनिमुद्रित आवाज वापरायला, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, बंदी आहे. गळ्यानं काढलेला आवाज चालतो, यंत्राचा नाही.

पण शिकार बंद झाली म्हणून साद मुकी व्हावी असं नाही. याच माळांवर लांडगे आहेत. काळविटाची पाडसं जन्मल्यावर काही दिवस गवतात निपचित दडून राहतात आणि लांडगे ती हुंगत फिरतात. महाराष्ट्राच्या माळरानांवर सौगत साधुखान, बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्यांच्या हुकारांचा अभ्यास केला. रात्री हुकार ऐकवायचा, उत्तर आलं की मुद्रित करायचं. प्रत्येक लांडग्याच्या हुकाराची ठेवण निराळी असते, त्यामुळं न पकडता, न दिसता कुठला लांडगा आहे ते बऱ्याच अंशी ओळखता येतं, असं त्यांनी २०२१ साली मांडलं. दिवसा शेतात-ओढ्यात दडणारं आणि रात्री कोसच्या कोस हिंडणारं जनावर मोजायची यापेक्षा सभ्य रीत कुठली? शिकाऱ्याची सादच ही, फक्त हातात बंदुकीऐवजी वही आलेली.

विदर्भात अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेनं फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रानं आणि तणमोर हा पक्षी राखायचं काम चालवलं आहे. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना पायी हिंडवतात, ठसे दाखवतात, पाखरांना साद घालून दाखवतात. आपल्या जवळ तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या आणि इतर भटक्यांच्या मुलांसाठी उभं केलेलं शिक्षणाचं काम आहे. सोलापुरातच १९३२ साली जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर वनखात्याची नोकरी करताना आदिवासींकडून आणि पारध्यांकडून रानाची बोली गोळा केली, तिचे कोश केले. २०२५ च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. त्यांनी जे शब्दांत धरलं ते आता आवाजात धरायला हवं आणि त्याला उशीर होतो आहे. पारध्यांची जी म्हातारी माणसं आज आहेत, त्यांची नातवंडं पोटासाठी पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर गेली आहेत.

एक गोष्ट मात्र लगेच थांबायला हवी. मोबाइलवर पाखरांच्या आवाजांची ॲप्स आल्यापासून रानात फोटोसाठी आवाज वाजवायचं खूळ पसरलं आहे. तितराचा किंवा तणमोराचा नर स्पीकरला उत्तर द्यायला घिरट्या घालत राहतो, खायचा वेळ जातो, घरटं उघडं पडतं. पारधी एक साद घालून थांबायचा, कारण त्याला गप्प बसण्याची किंमत कळत होती. स्पीकर थांबत नाही. फोटो काढणाऱ्याच्या हातात शस्त्र नसतं, पण जनावराची फसवणूक तीच आणि त्याचा तोटाही खराच.

पुढच्या थंडीत नान्नजला जाल तेव्हा फोन खिशात ठेवा. पहाटे वाऱ्याकडं तोंड करून बसा आणि काळविटांच्या जागा, लेंड्यांचे ढीग, तितराचं पहिलं बोलणं नोंदत राहा. तिथं मोजणीला, लांडग्याच्या सर्वेक्षणाला, आवाज मुद्रित करायला जाणत्या पारध्यांना वनखात्यानं आणि विद्यापीठानं नेमून घ्यावं. रोजंदारीवरचा वाटाड्या म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून, तज्ज्ञाच्या मानधनावर, आणि अहवालात त्यांचं नाव लिहून.